एक्सटूगो वापरून बघितलं: ऑफिसचं लिनक्स मशीन घरी बसून, खिडक्यांसकट

सरळ मुद्द्यावर येतो. ऑफिसात किंवा लॅबमध्ये लिनक्स मशीन आहे, एसएसएचने (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) आत शिरता येतं, पण नुसतं काळं टर्मिनल पुरत नाही, खिडकीवाले प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर दिसायला हवेत, एवढीच गरज असेल तर एक्सटूगो हे सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे, वेगळं पोर्ट (नेटवर्कवरचा दरवाजा) मागत नाही आणि मधेच नेट गेलं तरी चालू काम मरत नाही. थ्रीडी मॉडेल गरागरा फिरवून बघायचं असेल तर मात्र नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका, ते खाली सांगतो.

माझं काम काय तर पंप आणि ब्लोअरच्या आतून पाणी-हवा कशी वाहते त्याची सिम्युलेशन्स. ऑफिस भोसरी एमआयडीसीत, घर धायरीला. नाशिक फाटा, वाकड, चांदणी चौक, नवले पूल ही नावं ओळीने म्हटली तरी पुणेकराला पुढचं सांगावं लागत नाही, पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे आठवड्यातले बरेचसे दिवस घरूनच. ऑफिसात उबंटूचं एक दणकट वर्कस्टेशन आहे, त्यावर आमच्या आयटीवाल्याने अस्सल पुणेरी पाटी चिकटवलीय, "मशीन बंद करू नये. सिम्युलेशन चालू आहे. संपलं का म्हणून विचारूही नये." त्या मशीनवर जॉब टाकायचा, तो रात्रभर चालणार, सकाळी आलेख काढून बघायचे, मेश (मॉडेलवर विणलेली गणिताची जाळी) कुठे फाटलाय ते शोधायचं, असं सगळं. जॉब टाकायला टर्मिनल पुरतं, आलेख बघायला पुरत नाही. पुण्यात हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही, आयसरच्या परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटरवर जॉब टाकणारे, एनसीआरएत जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा डेटा साफ करणारे, हिंजवडी-चाकणचे सीएईवाले (कॉम्प्युटरवर इंजिनिअरिंगची गणितं करणारे), लांबच्या मशीनवरची एक खिडकी इथे दिसावी एवढीच सगळ्यांची मागणी.

आता यावर सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एसएसएच डॅश कॅपिटल एक्स ही कमांड (एक्स म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था). हे एकदा तरी करून बघाच, मजा येते. विंडोज लॅपटॉपवर आधी एक्स सर्व्हर (तुमच्या स्क्रीनवर त्या खिडक्या काढणारा प्रोग्रॅम) लागतो, व्हीसीएक्सएसआरव्ही चालतं किंवा मोबाएक्सटर्म घेतलं तर त्यात तो आतच असतो (मोबाएक्सटर्मच्या फुकट आवृत्तीत बारा सेशन्स सेव्ह करता येतात, एका माणसाला पुष्कळ झाली). मॅकवर एक्सक्वार्ट्झ वेगळं टाकावं लागतं, ॲपलने एक्स११ सोबत द्यायचं २०१२ च्या माउंटन लायनपासून बंद केलं. आत गेलात की आधी 'इको डॉलर डिस्प्ले' करा, लोकलहोस्ट:१०.० असं काहीतरी आलं तर जिंकलात. रिकामी ओळ आली तर बहुतेकदा दोनच संशयित, एक तर त्या मशीनवर एक्सऑथ हे पॅकेज नाहीये, नाहीतर एसएसएचडीच्या (तिकडच्या एसएसएच सर्व्हरच्या) कॉन्फिगमध्ये एक्स११फॉरवर्डिंग 'नो' आहे. उबंटू-डेबियनवर ते 'येस' असतं, मूळ ओपनएसएसएचमध्ये 'नो'. एवढं झालं की प्रोग्रॅमचं नाव टाईप करायचं, खिडकी तुमच्या टास्कबारवर हजर, जणू लॅपटॉपवरच टाकलाय प्रोग्रॅम.

ऑफिसच्या लॅनवर हे झकास चालतं. एका टेबलावरून दुसऱ्या मशीनवर जीनुप्लॉटचा आलेख उघडायला मी अजूनही हेच वापरतो, दुसरं काही टाकायची गरजच नाही. पण घरी आलो की तेच हाल हाल. मेनूवर क्लिक करा, वाट बघा, मेनू उघडला, खाली जा, परत वाट बघा, एक सेटिंगचा डायलॉग उघडायला एवढा वेळ की तेवढ्यात कुकर लावून यावं.

लोकांना वाटतं नेटचा स्पीड कमी पडतो, मग ते वरचा प्लॅन घेतात, आणि काडीचा फरक पडत नाही. कारण अडचण स्पीडची नाहीच, फेऱ्यांची आहे. एक्सची सुरुवात १९८४ ला एमआयटीत झाली आणि आज चालतो तो एक्स११ हा १९८७ चा, एकाच आवारातल्या मशीन्ससाठी केलेला. त्यात प्रोग्रॅम स्क्रीनला सारखा काही ना काही विचारत असतो, हा फॉन्ट आहे का, ही खिडकी किती मोठी, हा रंग चालेल का, आणि बऱ्याचदा उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणजे वाण्याला किराण्याची यादी एकदम न देता एकेक वस्तूसाठी वेगळा फोन लावण्यासारखं. समजा जाऊन-येऊन वीस मिलिसेकंद लागतात आणि प्रोग्रॅमने उघडताना असे तीनशे प्रश्न एकामागून एक विचारले, तर सहा सेकंद नुसत्या फेऱ्यांत गेले, मग तुमचं नेट शंभर एमबीपीएस असो की हजार. आणि पुण्यातल्या पुण्यात वीस मिलिसेकंद कशाला लागतील असं वाटत असेल तर एकदा ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) मारून बघा, घरचं नेट एका कंपनीचं, ऑफिसचं दुसऱ्या, माझं पॅकेट धायरीहून भोसरीला मुंबईमार्गे जातं! डॅश कॅपिटल सी लावून कॉम्प्रेशन केलं तरी याला उपाय नाही, पाकीट हलकं झालं म्हणून रस्ता काही जवळ येत नाही.

दुसरं दुखणं याहून वाईट. लाइन तुटली की खिडकी मेली, खिडकी मेली की प्रोग्रॅम मेला. टर्मिनलमधल्या कामाला टीमक्स आहे, लाइन तुटली तरी ते काम चालू ठेवतं, पण टीमक्स खिडक्या सांभाळत नाही, आणि मॉश (नेट तुटलं तरी टिकणारं एसएसएचसारखं टर्मिनल) वापरायची हौस असेल तर त्यात एक्स फॉरवर्डिंग नाहीच. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, इन्व्हर्टर असला तरी बिल्डिंगमधला नेटवाल्याचा डबा बंद पडतो, मग फोनचा हॉटस्पॉट लावायचा, आयपी बदलला, एसएसएच तुटलं, अर्धवट सेव्ह केलेलं सगळं गेलं. दर गुरुवारी तेच.

तर एक्सटूगो या दोन्ही दुखण्यांवर एकदम औषध देतं. याच्या पोटात एनएक्सची (एक्सची वाहतूक आटोपशीर करणारी) लायब्ररी आहे, नोमशीन कंपनीवाल्यांची, तिची तिसरी आवृत्ती मोकळ्या लायसन्सखाली होती, चौथीपासून त्यांनी कुलूप लावलं, आणि एक्सटूगोवाले त्या तिसऱ्या आवृत्तीलाच धरून पुढे गेले. युक्ती अशी की ऑफिसच्या मशीनवरच एनएक्सएजंट नावाचा एक मध्यस्थ बसतो, प्रोग्रॅमला वाटतं हाच स्क्रीन, त्याचे बहुतेक प्रश्न हा तिथल्या तिथे निस्तरतो आणि घरापर्यंत फक्त जे खरंच बदललं तेवढंच दाबून-चेपून पाठवतो. आणि तो एजंट ऑफिसातच असल्यामुळे तुमचं नेट गेलं तरी त्याला काय, तो प्रोग्रॅमना धरून तिथेच बसून राहतो.

टाकायला सोपं आहे. उबंटूवर एक्सटूगोसर्व्हर आणि एक्सटूगोसर्व्हर-एक्ससेशन ही दोन पॅकेजं, बास. कुठला नवा सर्व्हर पोर्ट उघडून बसत नाही, सगळी वाहतूक एसएसएचच्या बावीस नंबरातूनच. हा मुद्दा मला फार कामाला आला. आयटीवाल्या दादांना म्हटलं घरून स्क्रीन बघायचीय, तर ते नेहमीसारखं म्हणाले, "सर, नवीन पोर्ट उघडणार नाही, साहेबांची सही आणा." म्हटलं, "दादा, नवीन नकोच आहे, बावीस उघडाच आहे की." त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "मग मला का विचारताय?" मिटलं. शिवाय लॉगिन पण तुमच्या एसएसएचच्या चावीनेच होतं, वेगळा पासवर्ड नाही. साध्या व्हीएनसीशी (लांबच्या मशीनची स्क्रीन दाखवणारं दुसरं साधन) तुलना करा, त्याचा जुना पासवर्ड प्रकार पहिल्या आठ अक्षरांपुढचं बघतसुद्धा नाही आणि वाहतूक उघडी, म्हणजे तेही शेवटी एसएसएचच्या बोगद्यातूनच न्यावं लागतं, ५९०१ नंबरचं पोर्ट इकडून तिकडे वळवा, ते लक्षात ठेवा, सगळा खटाटोप.

विंडोजचा क्लायंट टाकला की त्यात एक्स सर्व्हर सोबत येतो, वेगळं काही शोधायला लागत नाही. उघडल्यावर दिसायला अगदी २००५ सालचं सॉफ्टवेअर, सुंदर वगैरे अपेक्षा ठेवू नका. त्यात एक स्पीडची पट्टी आहे, मोडेम, आयएसडीएन, एडीएसएल, वॅन, लॅन, ही नावं वाचून बीएसएनएलच्या डायलअपचा तो कर्रकर्र आवाज आठवला. मी वॅनवर ठेवलंय. त्याच पानावर चित्र दाबायची पद्धत निवडायची असते, मुळात जेपेग असते, त्यात अक्षरांच्या कडा पुसट दिसतात, दिवसभर कोड किंवा आकडे वाचायचे असतील तर पीएनजीवाला पर्याय निवडा, डोळे दुवा देतील.

डेस्कटॉप कुठला चालवायचा यात मात्र निवडीला फार वाव नाही. उबंटूचा नेहमीचा ग्नोम यात चालत नाही, त्याला ग्राफिक्सच्या ज्या सोयी लागतात त्या या एजंटकडे नाहीत, काळा पडदा बघत बसाल. एक्सएफसीई किंवा माटे टाका. मी एक्सएफसीई टाकला, आत गेल्यावर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन कंपोझिटर बंद केला, म्हणजे सावल्या, पारदर्शकपणा वगैरे नखरे गेले, आणि काय सांगू, खिडकी सरकवली तर ती सरकते, मागे शेपूट राहत नाही. स्क्रीन लॉकवाला प्रोग्रॅमही त्या सेशनमध्ये बंद केलेला बरा, परत आल्यावर उगाच अडवतो. अख्खा डेस्कटॉप नको, एकच प्रोग्रॅम हवा तर 'सिंगल ॲप्लिकेशन' पण निवडता येतं, पण माझ्या मते त्यात मजा नाही, पूर्ण डेस्कटॉपच घ्या.

आता गुरुवारचा किस्सा ऐका. मेशिंगचा प्रोग्रॅम उघडा होता, त्यात मी एका इंपेलरच्या पात्यांच्या कडा एकेक करून निवडत होतो, ज्याने केलंय त्याला माहितीय हे किती किचकट काम असतं ते, आणि तेवढ्यात लाईट गेली. क्लायंटची खिडकी गोठली, मग बंद झाली. हॉटस्पॉट लावला, परत लॉगिन केलं, क्लायंटने एक यादी दाखवली, त्यात माझं सेशन, 'रिझ्यूम' वर क्लिक, आणि सगळं जसंच्या तसं, निवडलेल्या कडा निळ्याच्या निळ्या, माउसचा बाण सुद्धा तिथेच. त्या दिवसापासून मी याचा भक्त. संध्याकाळी मुद्दाम खिडकी फुलीवर क्लिक करून बंद करायची, सेशन झोपतं पण मरत नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलं की तिथल्या मशीनवरून तेच उचलायचं, स्क्रीनचा आकार वेगळा असला तरी बहुतेक वेळा नीट बसतं. खरंच संपवायचं असेल तर आतल्या मेनूतून लॉगआउट करायचं. हा फरक टीममध्ये सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येकजण फुली दाबून घरी जातो आणि मशीनवर अनाथ सेशन्सची रांग लागते, रॅम खात बसलेली. एक्सटूगोलिस्टसेशन्स ही कमांड ती दाखवते आणि एक्सटूगोटर्मिनेट-सेशन ती संपवते.

तक्रारी आहेतच. काही कीबोर्डांवर कळा उलटसुलट लागतात, तेव्हा सेटिंगमध्ये कीबोर्ड आपोआप ओळखायला लावायचा, बहुतेकदा सुटतं. आवाज येतो पण अडखळत, व्हिडिओ बघायचा तर विसराच. आणि लॉगिन होऊन लगेच बाहेर फेकलं जात असेल तर पहिलं आपलं बॅशआरसी (टर्मिनल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाईल) तपासा, पायथनचं एखादं वेगळं वितरण त्यात घुसवलेलं असतं, ते स्वतःचं डीबस (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती यंत्रणा) सोबत घेऊन येतं, डेस्कटॉप सुरू होताना सिस्टिमच्याऐवजी ते पकडलं जातं आणि एक्सएफसीई जन्मायच्या आतच आडवा. आमच्या एका ज्युनिअरची अर्धी सकाळ यात गेली, शेवटी त्या ओळी काढल्या आणि लागलीच चालू.

थ्रीडीचं. इथे एक्सटूगो उघडं पडतं. पॅराव्ह्यूसारख्या (सिम्युलेशनचे निकाल थ्रीडीत दाखवणाऱ्या) प्रोग्रॅमला ओपनजीएल (थ्रीडी चित्रं काढायची आज्ञावली) ३.२ तरी लागतं, एनएक्सएजंट ते नीट देऊ शकत नाही. साध्या एसएसएच एक्समध्येही हीच रड, कारण नेटवरून ओपनजीएलच्या आज्ञा पाठवायची जुनी पद्धत एक्स सर्व्हरमध्ये २०१५ च्या आसपासच मुळातून बंद ठेवली गेली. व्हर्च्युअलजीएल टाकून व्हीजीएलरनने प्रोग्रॅम सुरू केला तर ऑफिसचं ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं आणि फक्त तयार चित्र इकडे येतं, पण एक्सटूगोत ते फिरवताना तुटक तुटक वाटतं. रोजचंच काम थ्रीडीचं असेल तर टर्बोव्हीएनसी बघा, ते व्हर्च्युअलजीएलवाल्यांचंच आहे, दोघांची जोडी जमते, बोगदा तेवढा एसएसएचचा घाला.

मी मात्र पॅराव्ह्यूसाठी खिडकी आणायचा नादच सोडला. पॅराव्ह्यूची स्वतःची सोय आहे, ऑफिसच्या मशीनवर पीव्हीसर्व्हर चालू करायचा, तो ११,१११, म्हणजे पाच एक, या नंबरच्या पोर्टवर बसतो, एसएसएच डॅश एलने तो पोर्ट घरी आणायचा आणि लॅपटॉपवरचा पॅराव्ह्यू त्याला जोडायचा. डेटा तिकडे, गणित तिकडे, बटणं इकडे. अट एकच, दोन्हीकडे आवृत्ती एकच हवी, नाहीतर जोडायलाच नकार देतो.

एक्सप्रा पण वापरून बघितलं, त्याला टाकाऊ म्हणणार नाही. ते अख्खा डेस्कटॉप न आणता सुट्ट्या खिडक्या आणतं, सोडून देता येतात, परत धरता येतात, वाटलं तर ब्राउझरमध्येही उघडता येतात. एक-दोनच प्रोग्रॅम हवे असतील आणि कमांडची भीती नसेल तर एक्सप्रा जास्त सुटसुटीत. आमच्या टीममध्ये मात्र अर्ध्या लोकांना चिन्हावर क्लिक करूनच काम सुरू करायचंय, त्यांना एक्सटूगो दिलं की पुन्हा फोन येत नाही, म्हणून आम्ही तेच ठेवलं. आधी एक प्रसिद्ध रिमोट डेस्कटॉप ॲप होतं ऑफिसात, चालायचं छान, पण ऐन कामात 'तुम्ही व्यावसायिक वापर करताय' म्हणून पाटी यायची आणि कनेक्शन कापायचं. करत होतोच व्यावसायिक वापर, त्यामुळे भांडता पण येईना.

सुरक्षेचं एक सांगायलाच हवं. एसएसएचने वाहतूक झाकली जाते, पण साध्या एक्स फॉरवर्डिंगमध्ये पलीकडच्या मशीनवर कोणी वाईट माणूस बसला असेल तर तो तुमच्या लॅपटॉपच्या एक्स सर्व्हरपर्यंत उलटा पोचू शकतो, आणि एक्समध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा वाचता येतात. म्हणून कॅपिटल एक्स म्हणजे कमी विश्वास, कॅपिटल वाय म्हणजे पूर्ण विश्वास असे दोन प्रकार केलेत, आणि कमी विश्वासवाल्यात वीस मिनिटांनंतर नवीन खिडकी उघडायला नकार मिळतो, लोक वैतागून वाय लावतात. गंमत अशी की उबंटू-डेबियनवरून जोडताना एक्स पण वायसारखंच वागतं, त्यांनी सेटिंगच तसं ठेवलंय. तेव्हा अनोळखी मशीनवर दोन्हीपैकी काहीच लावू नका. एक्सटूगोतही क्लिपबोर्ड दोन्हीकडून चालू असतो, तो एकाच दिशेला किंवा पूर्ण बंद करता येतो. फोल्डर शेअरिंग तर मी बंदच करून टाकलंय, फाईल न्यायला आरसिंक आहे की.

पाचपैकी मी चार देईन, एक थ्रीडीसाठी कापला. दिसण्यासाठी कापत नाही, ते चालतं.

पुढचं काय हा प्रश्न मात्र आहे. लिनक्सवाले हळूहळू वेलँडकडे (एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था) निघालेत, उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचं एक्सवालं सेशन काढूनच टाकलं. वेलँडसाठी वेपाइप म्हणून प्रकार आहे, वेपाइप एसएसएच असं लिहून प्रोग्रॅमचं नाव दिलं की खिडकी येते, पण त्यासाठी तुमच्या बाजूलाही वेलँड हवं, विंडोजवाल्यांना सरळ उपयोग नाही. एक्सटूगो एक्सवरच उभं आहे आणि एक्सएफसीई अजून एक्सवर नीट चालतं, तेवढा आधार आहे. आमच्या वर्कस्टेशनचं अपग्रेड दिवाळीच्या सुट्टीत ठरलंय, काहीही करा पण एक्सएफसीई ठेवा असं दादांना आत्ताच सांगून ठेवलंय, त्यांनी पाटीवर तशी एक ओळ वाढवली आहे.